फेलोशिप आठ महिने अडकली आहे, मुलीला थांबवू का?

पत्र

ताई, मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. गाव जावळी तालुक्यात, राहायला कोपरखैरणे. थोरली मुलगी पीएचडी करते, चौथं वर्ष चालू आहे. ठाणे खाडीचा गाळ आणि त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तपासते, त्यात कोणते धातू किती उतरलेत ते बघते. तिला सरकारी फेलोशिप आहे, पण आठ महिने झाले, एक पैसा आलेला नाही. सर म्हणतात, येतील. सरांचा स्वतःचा प्रोजेक्टही मार्चमध्ये संपतोय. महापेच्या एका कंपनीने लॅबमध्ये तीस हजारांची नोकरी देऊ केली आहे. तिचे मामा म्हणतात, नोकरी घ्यायला लावा नाहीतर लग्न उरकून टाका. पेपरात वाचतो की संशोधनाला लाख कोटी दिले. मग पोरीचे पैसे कुठं गेले? सरकारकडे पैसे नाहीत, की पोरीतच काही खोट आहे? मी काय करू? आणि खाडीच्या तिसऱ्या आम्ही खाव्यात का, तेही सांगा. पोरीला विचारलं की नुसती हसते.
– एक बाप, कोपरखैरणे

उत्तर

भाऊ,

तिसऱ्यांचं उत्तर शेवटी देते. आधी खोटीचं बोलू. पत्रात ते वाक्य तुम्ही दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, म्हणजे रात्री झोप त्यानेच उडवली असणार.

मुलीत खोट नाही. संशोधन मनासारखं झालं नाही म्हणून फेलोशिप बंद करायची असेल तर तसं लेखी कळवतात, समितीपुढे बोलावतात, अहवालावर शेरा येतो. तुमच्या पत्रात असं काहीच नाही. सर "येतील" म्हणतात, याचा अर्थ पैसे मंजूर आहेत आणि वाटेत कुठेतरी बसलेत. कोणत्या संस्थेची फेलोशिप ते तुम्ही लिहिलंत, मी मुद्दाम छापलेलं नाही. मुलीला त्याच ऑफिसात पुन्हा जायचंय.

आता वाट कशी असते ते बघा. तुमच्या मार्केटात गाळ्याचा मालक मजुरी माथाडी बोर्डात भरतो, वर लेव्ही भरतो, आणि बोर्ड तुम्हाला देतं. १९६९ चा माथाडी कायदा झाला नसता तर आजही टोळी मालकाच्या मर्जीवर राहिली असती. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याबद्दल मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुलीच्या बाबतीत बोर्ड नाहीच. तिची हजेरी विभागप्रमुख सही करून देणार, मग सहामाही किंवा वार्षिक प्रगती अहवाल, मग घरभाड्याचं प्रमाणपत्र, मग कॉलेजचा लेखा विभाग, तिथून यूसी. यूसी म्हणजे मागचे पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला, सनदी लेखापालाच्या शिक्क्यासह. तो वर गेला की पुढचा हप्ता. यातला एक कागद राहिला की सगळ्यांचे पैसे थांबतात. काम तिने एकटीने केलेलं असतं, पण कागद एकाच कॉलेजच्या दहा-बारा मुलांचा मिळून जातो. एकाचा राहिला की बाराही जण उपाशी.

हे मला पाठ आहे, कारण मी स्वतः यात होरपळले आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या एका प्रोजेक्टचा दुसरा हप्ता पाच महिने येईना. हाताखाली दोन मुलं होती, त्यातला एक दिव्याहून येणारा. त्याने लोकलचा पास काढणं थांबवलं तेव्हा मला कळलं की पाणी कुठवर आलंय. मी दिल्लीला फोन लावत होते, ईमेल करत होते, मनातल्या मनात सरकारला शिव्या घालत होते. शेवटी आमच्याच कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर आवक-जावकच्या कपाटात फाइल सापडली. दिल्लीहून परत आलेली. यूसीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: "व्याज?" अनुदान बचत खात्यात पडून होतं, त्यावर तीनशे बारा रुपये व्याज जमा झालं होतं, आणि ते सरकारला परत करायचं असतं हे आमच्या क्लार्कला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तीनशे बारा रुपयांसाठी दोन मुलांचे पाच महिने गेले. ते पैसे मी त्याच दुपारी भरले, आणि हप्ता सव्वा महिन्यात आला.

म्हणून मुलीला पहिलं सांगा: "येतील का" हा प्रश्न सोड, "कुठे आहेत" हा विचार. कोणत्या महिन्यापर्यंतची यूसी गेली, कोणत्या तारखेला, पोच आहे का, आणि वरून काही शंका काढून परत आली आहे का. हे तोंडी विचारून उपयोग नाही. साधं अर्धं पान, गाईडमार्फत, लेखा विभागाला, आणि एका प्रतीवर पोच घ्यायची. गाईडमार्फत म्हणते आहे ते मुद्दाम. त्यांच्या डोक्यावरून गेलं की पैसे कदाचित लवकर येतील, पण पुढची दोन वर्षं चहासुद्धा कडू लागेल.

त्यातून काही निष्पन्न झालं नाही तर तक्रार. केंद्राची फेलोशिप असेल तर केंद्राचं तक्रार पोर्टल, राज्याची असेल तर 'आपले सरकार'. माहितीचा अधिकार मी सगळ्यात शेवटी ठेवते. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तरापेक्षा अर्जच जास्त काम करतो असा माझा अनुभव आहे. पण तो अर्ज ती शिकते त्याच कॉलेजवर टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. फेलोशिप देणाऱ्या संस्थेवर टाकला तर दोनदा.

अजून एक विचारून घ्या. जेआरएफची, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपची, दोन वर्षं झाली की मूल्यमापन होऊन एसआरएफ, म्हणजे सीनियर, मिळते. राष्ट्रीय दर १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० आहेत, घरभाडं वेगळं. तिची फेलोशिप याच दराची असेल तर आठ महिन्यांचे, घरभाडं सोडून, २ लाख ९६ हजार किंवा ३ लाख ३६ हजार येणं आहे. चौथ्या वर्षात असूनही तिचं जेआरएफचं एसआरएफ झालं नसेल तर तो कागदही कुठेतरी लोळत असणार. बऱ्याच मुलांना हे विचारायची लाज वाटते. कोणी हमाल हजेरीपटावर आपलं नाव आहे का ते बघायला लाजतो का?

आता पेपरातल्या लाख कोटींकडे येते. ती बातमी खोटी नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मंत्रिमंडळाने १ लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. पण त्यातून मुख्यतः खासगी कंपन्यांना कमी व्याजाने किंवा बिनव्याजी लांब मुदतीचं कर्ज मिळणार आहे, तेही प्रयोगशाळेतून बाहेर पडून बाजाराच्या वाटेला लागलेल्या तंत्रज्ञानासाठी. खाडीच्या गाळात पाय घालून नमुने काढणाऱ्या मुलीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरा मोठा आकडा तुम्ही ऐकला असेल: अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान, २०२३ चा कायदा, पाच वर्षांत ५०,००० कोटी. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग, दाते वगैरेंकडून यायचे असं गणित मांडलेलं होतं. घोषणेच्या दिवशी सरकारचे आणि बाहेरून यायचे पैसे एकाच वजनाने छापले जातात. तुम्ही रोज काट्यावर माल तोलता, तुम्हाला वेगळं सांगायला नको की कागदावरची गोणी आणि काट्यावरची गोणी एक नसते.

एकूण देशाचं बघाल तर आपण संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१ चा सरकारी आकडा. दक्षिण कोरिया चारच्या वर आहे. तेव्हा सरकारकडे पैसे नाहीत का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: संशोधनासाठी आधीच थोडे ठेवतात, आणि ठेवलेले वेळेवर पोचवायची नळी अरुंद आहे. आता नळी आणखी चोख केली आहे. पूर्वी हप्ता कॉलेजच्या खात्यात येऊन पडायचा, वरून उशीर झाला तर चांगले प्राचार्य शिलकीतून मुलांना उचल द्यायचे. आता केंद्राच्या बऱ्याच योजनांत शून्य शिलकीची खाती असतात. लागेल तेवढेच पैसे येणार, ३१ मार्चला न खर्चलेले परत जाणार, नव्या वर्षाची तरतूद खाली झिरपेपर्यंत पावसाळा उजाडणार. पैसे सडू नयेत, व्याज खाऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण उचल द्यायला आता कोणाच्याच हातात काही उरत नाही, आणि मधला धक्का थेट तुमच्या घरात बसतो.

कोणी सांगेल, मग परदेशी जा. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डचं दोन अब्ज डॉलरहून जास्त संशोधन अनुदान गोठवलं. प्रकरण कोर्टात गेलं. तिथल्या प्रयोगशाळांतली मुलंही त्या वर्षी हिशेब मांडत बसली होती. तेव्हा विमानाचं तिकीट हा सध्या तरी यावरचा उपाय नाही.

आता नोकरीचं. यात मला जरा खोलात जायचंय.

महापे म्हणजे टीटीसी औद्योगिक वसाहतीचा पट्टा. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कारखाने, आणि सगळ्या नाल्यांचं तोंड खाडीकडे. तुमची मुलगी नेमका त्याच खाडीचा गाळ तपासते. ती खाडी साधी नाही, २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. कंपनी चांगली असेल, मी नाव विचारत नाही. पण नोकरीच्या करारात असं कलम असतं की कामाशी संबंधित काहीही परवानगीशिवाय प्रसिद्ध करायचं नाही. तिने सही करण्याआधी ते कलम शोधावं आणि लेखी विचारावं की माझं पीएचडीचं काम यातून वगळलं आहे ना. हेच मी कंपन्यांच्या सीएसआरबद्दलही सांगते, कारण गाईड उद्या तोही रस्ता काढतील. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यात सरकारी पैशांवर चालणाऱ्या विद्यापीठांतलं संशोधन आणि पर्यावरण दोन्ही बसतं. चांगला मार्ग आहे. पण ते पैसे मुलीच्या हातात येत नाहीत, संस्थेमार्फत येतात. आणि ज्याच्या नाल्याचं पाणी मोजायचं त्याच्याच पैशांनी मोजायचं असेल, तर "निकाल काहीही आला तरी छापणार" ही ओळ करारात आधी हवी. ती ओळ घालायला जो तयार नाही त्याचे पैसे मी घेतले नसते. खरं सांगायचं तर एकदा घेतले नाहीत, आणि त्या वर्षी लॅबचा एसी दुरुस्त झाला नाही.

(मोठ्या संस्थांचं बरं असतं. माटुंग्याच्या आयसीटीला, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेला, २०२५ च्या जूनमध्ये त्यांचेच माजी विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी १५१ कोटी दिले. खाडीकाठच्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी अजून ईएमआय भरताहेत.)

नोकरी घ्यायचीच झाली तर चोरून घेऊ नये. फेलोशिप पूर्णवेळ कामासाठी असते, पगार आणि फेलोशिप एकाच महिन्याची घेतली आणि उघडकीला आलं तर वसुली निघते, कधी कधी सगळीच. सरळ मार्ग असा: यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत अर्धवेळ पीएचडीला मुभा आहे, कंपनीचं ना हरकत पत्र लागतं. विद्यापीठाकडे तसा अर्ज करायचा, फेलोशिप अमुक तारखेला सोडते असं लिहून द्यायचं, आणि त्याच कागदावर त्या तारखेपर्यंतची थकबाकी मागायची. केलेल्या कामाची मजुरी सोडून यायचं नाही.

मुदतीची भीती नको. त्याच नियमांत पीएचडीला सहा वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि मुलींना त्यावर दोन वर्षं आहेत. मामांनाही हे वाचून दाखवा. आणि लग्नाबद्दल त्यांना सांगा की बाळंतपणाची २४० दिवसांची रजासुद्धा तिथे लिहिली आहे. लग्न तिला हवं तेव्हा करा, फेलोशिप थकली म्हणून नको.

मग पीएचडी थांबवू का, चालू ठेवू का? माझं मत विचाराल तर ते मुलीच्या गाईडच्या एका कागदावर अवलंबून आहे. सरांनी आणि तिने मिळून एक पान लिहावं: किती नमुने बाकी, कोणती प्रकरणं बाकी, किती महिने. चौथं वर्ष आहे, गाळाचं बरंचसं काम झालं असावं. धातू मोजायच्या महागड्या मशीनसाठी सरांच्या प्रोजेक्टवर अडून राहायचं कारण नाही. पवईला आयआयटीत नमुन्यामागे पैसे देऊन मोजून मिळतं, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं दिसतात. प्रोजेक्टला खर्च न वाढवता मुदतवाढ मागता येते, तो अर्ज मार्च उजाडायच्या आत जायला हवा, आणि रसायनं आताच मागवून ठेवावीत. २०२२ च्या जुलैत संशोधन संस्थांची जीएसटीची सवलत गेली, पाच टक्क्यांच्या जागी बहुतेक उपकरणांवर अठरा आले, त्यामुळे जुन्या मंजुरीतले पैसे नव्या दराला पुरेनासे झाले. सरांचीही ओढाताण आहे, हे लक्षात असू द्या.

त्या पानावर सहा ते नऊ महिने आले, तर तिला पीएचडी पुरी करू द्या, नोकरी थांबू द्या. महापेची नसली तरी डॉक्टरेट झालेल्या मुलीला दुसरी मिळेल. पानावर दीड-दोन वर्षं आली, किंवा सर पान लिहायलाच टाळाटाळ करू लागले, तर नोकरी घ्यावी आणि अर्धवेळ करावी. त्यात कमीपणा नाही. मधल्या काळात कोणी सुचवेल, तासिका तत्त्वावर शिकव. फेलोशिपच्या नियमात बसतं का ते आधी बघा, आणि लक्षात ठेवा की तासिकांचे पैसेही असेच वर्षाअखेरीस येतात. एका थकबाकीवर उतारा म्हणून दुसरी थकबाकी! शिकवण्याचा आनंद मिळेल, दूधवाला मात्र थांबणार नाही.

आता तुमचं. आठ महिने तिचा लोकलचा पास, जेवण, मोबाइल, नमुने आणायला होडीवाल्याला दिलेले पैसे, हे कोण भरतंय? तुम्ही. कांद्याच्या गोण्या उचलून. म्हणजे ठाणे खाडीच्या या संशोधनाचे सध्याचे मुख्य देणगीदार तुम्ही आहात, तुमचं नाव मात्र कुठल्या अहवालात येणार नाही. मला वाटतं हे घरात उघड बोलावं. एक वही घाला, महिना आणि रक्कम लिहा. परत मागण्यासाठी नव्हे, पण थकबाकी आली की त्यातलं काय कुणाचं यावर कुरबुर होऊ नये, आणि तिला रोज बापाच्या उपकाराचं ओझं वाटू नये. उचल म्हटली की मान वर राहते. किती महिने झेपेल हा आकडाही त्या वहीत पहिल्या पानावर लिहा, तुमच्या बाजूने, प्रामाणिक. पाठीचं दुखणं तुम्ही पत्राच्या न छापलेल्या भागात ओझरतं लिहिलंय, ते या आकड्यात धरा.

आणि एक लक्षात आलं का? तुमच्या पत्रात सर बोलतात, मामा बोलतात, तुम्ही बोलता. मुलगी फक्त हसते. तिला नोकरी हवी आहे का, हे पत्रात कुठेच नाही. वही घालाल त्या रात्री ते विचारा. मामा नसताना.

राहिल्या तिसऱ्या. आमच्याकडे नौपाड्यात एक कोळीण दर रविवारी येते, मीही घेते, आणि घेताना दर वेळी तुमचाच प्रश्न मनात येतो. याचं उत्तर तुमच्याच घरात अर्धवट लिहिलेलं पडलंय. तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात असेल बहुधा. ती हसते ते मला समजतं, आकडे पक्के झाल्याशिवाय बोलायचं नाही असं आम्हीच मुलांना शिकवतो. पुरं झालं की तिला सांगा, एक प्रत मलाही पाठव. तोवर मी बांगड्यावर भागवते.